डीबगरच्या संदेशातला पूर्णविराम

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या वाचकपत्रांत काही आठवड्यांपूर्वी एका पत्रलेखकांनी संगणकशाखेच्या विद्यार्थ्यांना चांगलाच टोला हाणला होता. अनेक देशांतील लोक मिळून घडवत असलेल्या मुक्त सॉफ्टवेअरच्या प्रकल्पांत हे विद्यार्थी एखाद्या संदेशाच्या शेवटचा पूर्णविराम काढतात, एखाद्या शब्दाचे पहिले इंग्रजी अक्षर मोठ्याचे लहान करतात आणि तेवढ्या भांडवलावर परिचयपत्रात ‘योगदान’ असे लिहून मोकळे होतात, असे त्यांचे म्हणणे होते. उदाहरणादाखल त्यांनी एका डीबगरमधील त्रुटीसंदेशांची मांडणी एकसारखी करण्याचे काम घेतले होते आणि त्याला ‘झाडलोट’ म्हटले होते. मी एका तंत्रनिकेतनात वीस वर्षांहून अधिक काळ सी भाषा आणि तिची प्रात्यक्षिके शिकवतो. पत्रलेखकांच्या आक्षेपात काहीच तथ्य नाही, असे मी म्हणणार नाही. तशी परिचयपत्रे मीही पाहिली आहेत. परंतु उदाहरण त्यांनी चुकीचे निवडले. डीबगरच्या संदेशांची साफसफाई हे वरून मुद्रितशोधनासारखे दिसणारे, पण आतली यंत्रणा समजल्याशिवाय करताच न येणारे काम आहे, आणि ते का, हे सांगण्यासाठी हे पत्र थोडे लांबले तरी आपण सांभाळून घ्याल अशी आशा आहे.

ज्या वाचकांचा या विषयाशी रोजचा संबंध नाही त्यांच्यासाठी एवढे सांगितले पाहिजे की, डीबगर म्हणजे दुसऱ्या प्रोग्रॅमला चालता चालता मध्येच थांबवून त्याच्या पोटात काय चालले आहे हे पाहू देणारा प्रोग्रॅम. कोणत्या ओळीवर थांबायचे ते आपण आधी सांगतो (या खुणेला ब्रेकपॉइंट म्हणतात), तिथे थांबल्यावर एकेका चलाची किंमत विचारतो, आणि चूक कुठे झाली याचा माग काढतो. आज्ञा-ओळीवर चालणाऱ्या डीबगरमध्ये खिडक्या, बटणे, चित्रे यांतले काहीच नसते. आपण एक ओळ टंकतो आणि तो एक-दोन ओळींत उत्तर देतो. काही बिनसले तर त्याच्याजवळ बोलण्यासाठी तेवढी एक ओळच असते, म्हणून ती ओळ कशी लिहिली आहे याला इतर कोणत्याही प्रोग्रॅमपेक्षा इथे जास्त वजन येते.

आमच्या प्रयोगशाळेत जीडीबी हा डीबगर वापरला जातो. रिचर्ड स्टॉलमन यांनी ग्नू या मुक्त सॉफ्टवेअरच्या प्रकल्पासाठी तो १९८६ मध्ये लिहिला आणि आजही सी आणि सी++ शिकणाऱ्या बहुतेकांची पहिली गाठ त्याच्याशीच पडते. काही वर्षांपूर्वी दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेली आमची एक विद्यार्थिनी प्रात्यक्षिकाच्या तासाला आपल्या प्रोग्रॅमच्या बाराव्या ओळीवर ब्रेकपॉइंट लावू पाहत होती. संकलन करताना, म्हणजे लिहिलेला प्रोग्रॅम यंत्रसंकेतात उतरवून घेताना, ‘मायनस जी’ हा पर्याय द्यायचा ती विसरली होती, त्यामुळे कोणती ओळ यंत्रसंकेतात कुठे गेली याची नोंद तयार झालेल्या फाइलमध्ये नव्हतीच. जीडीबीने तिला उत्तर दिले, ‘नो सिम्बल टेबल इज लोडेड. यूज द “फाइल” कमांड.’ (सिम्बल टेबल म्हणजे याच नोंदींचा तक्ता.) मुलगी गुणी, सांगितलेले ऐकणारी. तिने फाइल ही आज्ञा दिली. फाइल पुन्हा वाचली गेली, परत ब्रेकपॉइंट लावला, परत तोच संदेश. असे चार वेळा झाले. पाचव्या खेपेला तिने संदेशाखाली विचारलेल्या प्रश्नाला ‘वाय’ असे उत्तर दिले, तेव्हा ब्रेकपॉइंट ‘पेंडिंग’ म्हणून नोंदला गेला, प्रोग्रॅम कुठेही न थांबता सुरुवातीपासून शेवटपर्यंत धावला आणि पडद्यावर उमटले की ‘इन्फीरिअर’ सुरळीत संपला. डीबगरच्या परिभाषेत इन्फीरिअर म्हणजे तपासासाठी हाताखाली घेतलेला प्रोग्रॅम. तिने शब्दाचा शाळेतला अर्थ घेतला आणि मला विचारले, ‘सर, माझा प्रोग्रॅम हलक्या दर्जाचा आहे का?’

त्या संदेशात व्याकरणाची चूक नव्हती. तो खोटाही नव्हता, कारण डीबगरला नोंदी सापडल्या नव्हत्या हे खरेच होते. चूक होती ती पुढच्या वाक्यात. नोंदी न सापडण्याची कारणे निदान दोन असू शकतात. एक तर डीबगरला फाइलच दिलेली नसते, नाहीतर दिलेल्या फाइलमध्ये नोंदी नसतात. संदेश लिहिणाऱ्याने पहिल्या कारणाचा उपाय दोन्ही प्रसंगी सांगून टाकला. हा दोष दूर करायचा तर वाक्य बदलणे पुरत नाही. संदेश निघतो त्या जागी कोणती माहिती हाताशी आहे, दोन परिस्थिती तिथे वेगळ्या ओळखता येतात का, हे डीबगरच्या संकेतात, म्हणजे त्याच्या मूळ लिखाणात, शिरून पाहावे लागते. पत्रलेखक ज्याला शब्दांची झाडलोट म्हणतात तिचा प्रत्यक्ष अनुभव असा असतो.

मांडणीनेच घोटाळा होतो याचे मला सर्वांत लख्ख वाटणारे उदाहरणही जीडीबीचेच आहे, आणि ते त्याच्या विकासकांनी पुढे दुरुस्तही केले. जुन्या आवृत्त्यांत नोंदी नसलेली फाइल उघडली की एकाच ओळीत असे छापले जाई: ‘रीडिंग सिम्बल्स फ्रॉम ए डॉट आउट’ (शेवटचे तीन शब्द म्हणजे फाइलचे नाव), मग तीन टिंबे, मग कंसात ‘नो डीबगिंग सिम्बल्स फाउंड’, मग आणखी तीन टिंबे आणि शेवटी ‘डन’. ओळ वाचणाऱ्याची नजर शेवटच्या शब्दावर थांबते आणि तो शब्द होता ‘झाले’. काम फसल्याची बातमी दोन टिंबमालिकांच्या मध्ये कंसात दडपलेली आणि समाधानाचा शब्द ओळीच्या टोकाला. आता तीच माहिती स्वतंत्र ओळीवर, मोठ्या अक्षराने सुरू होणाऱ्या वाक्यात आणि कोणत्या फाइलमध्ये नोंदी सापडल्या नाहीत ते नाव पुन्हा देऊन छापली जाते. शब्द जवळजवळ तेच आहेत. ओळ तोडली, ‘डन’ काढला, नाव जोडले. माझ्या वर्गात या बदलानंतर ‘सर, ब्रेकपॉइंट लागत नाही’ ही तक्रार थांबली नाही, पण ती घेऊन येणारे विद्यार्थी आता पडद्यावरच्या दुसऱ्या ओळीवर बोट ठेवून येतात.

पूर्णविराम आणि मोठे अक्षर यांची पत्रलेखकांनी विशेष थट्टा केली आहे, म्हणून त्यांच्याबद्दल. ग्नू प्रकल्पाच्या संकेतलेखनाच्या नियमावलीत त्रुटीसंदेशांच्या मांडणीसाठी स्वतंत्र भाग आहे. संकलकाने आधी फाइलचे नाव, मग विसर्गासारखी दोन टिंबे, मग ओळीचा क्रमांक, पुन्हा दोन टिंबे आणि मग संदेश द्यावा असे तो भाग सांगतो. अशा उपसर्गानंतर येणारा संदेश लहान अक्षराने सुरू करावा, कारण वाक्य तिथे सुरू होत नसते, ते आधीच सुरू झालेले असते. याउलट, जो प्रोग्रॅम टर्मिनलवर, म्हणजे नुसत्या अक्षरांच्या पडद्यावर, बसून आज्ञा घेतो त्याने संदेशात स्वतःचे नाव घालू नये, कारण आपण कोणाशी बोलतो आहोत हे समोरच्या प्रॉम्प्टवरून, म्हणजे आज्ञेची वाट पाहणाऱ्या खुणेवरून, कळतेच. आणि त्याचा संदेश मोठ्या अक्षराने सुरू व्हावा. शेवटी पूर्णविराम दोन्हीकडे नको. संकलक घडवणाऱ्या एलएलव्हीएम या दुसऱ्या प्रकल्पाची नियमावली वेगळी आहे. तिथे संदेश लहान अक्षराने सुरू करायला आणि शेवटचा पूर्णविराम गाळायला सांगितले आहे. त्याच प्रकल्पातला एलएलडीबी हा डीबगर आपल्या तक्रारीपूर्वी ‘एरर’ आणि दोन टिंबे लावतो, तेव्हा लहान अक्षर तिथे शोभते. पायथॉन या भाषेचा पीडीबी हा डीबगर तक्रारीपूर्वी तीन तारका छापतो, म्हणजे तपासल्या जाणाऱ्या प्रोग्रॅमने छापलेली ओळ कोणती आणि डीबगरची स्वतःची तक्रार कोणती हे नजरेला लगेच वेगळे दिसते. तीन साधनांच्या तीन रीती आहेत आणि तिन्हींना कारण आहे. देवनागरीत मोठी-लहान अक्षरे नसल्यामुळे आपल्याला यातला अर्धा वाद ऐकायला गंमतीचा वाटतो, पण उरलेला अर्धा आपल्या कार्यालयातही रोज पाळला जातो. आपल्या दैनिकाच्या मथळ्यांच्या शेवटी पूर्णविराम नसतो, आणि तो एखाद्या दिवशी एखाद्याच मथळ्यात उमटला तर वाचकांच्या आधी आपल्या मुद्रितशोधकांना तो खुपेल.

आता गंमत अशी की ग्नू प्रकल्पाचाच असलेला जीडीबी स्वतःच्या घरचा हा नियम सरसकट पाळत नाही. ‘नो सिम्बल “अमुक” इन करंट कॉन्टेक्स्ट’ या संदेशाच्या शेवटी पूर्णविराम आहे. ‘कॅनॉट ॲक्सेस मेमरी ॲट ॲड्रेस’ या संदेशात शेवटी पत्ता येतो आणि पूर्णविराम नाही. ऑपरेटिंग सिस्टिमकडून मिळालेले कारण जोडून जे संदेश तयार होतात, उदाहरणार्थ ‘पीट्रेस: ऑपरेशन नॉट परमिटेड’ (पीट्रेस म्हणजे दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये डोकावण्यासाठी ऑपरेटिंग सिस्टिमला करायची विनंती), त्यांच्या शेवटचा पूर्णविराम संदेश लिहिणाऱ्याने दिलेला नसून मधल्या एका फंक्शनने आपणहून चिकटवलेला असतो. तो काढायचा ठरवले तर एका जागी हात लावून कितीतरी संदेश बदलतात. पत्रलेखकांना जो एक ठिपका वाटतो, तो काढण्यापूर्वी तो नेमका कोठून येतो हे शोधावे लागते, आणि ते शोधताना विद्यार्थी आपसूक शिकतो की डीबगर आणि ऑपरेटिंग सिस्टिम यांच्यात बोलणे कसे होते.

इशारा आणि त्रुटी यांतला भेद हा मांडणीचा आणखी एक प्रांत आहे. डॉकरच्या कंटेनरमध्ये, म्हणजे यंत्रातल्या बंदिस्त कप्प्यात, जीडीबी चालवणाऱ्यांपैकी अनेकांनी एक ओळ पाहिली असेल: ‘वॉर्निंग: एरर डिसेबलिंग ॲड्रेस स्पेस रँडमायझेशन: ऑपरेशन नॉट परमिटेड’. सुरुवातीचा शब्द इशारा, लगेच पुढचा शब्द त्रुटी, आणि शेवटी परवानगी नाकारल्याचे सांगणारे वाक्य. नवखा माणूस हे वाचून डीबगर बंद करतो आणि कंटेनरच्या परवानग्या शोधत बसतो. प्रत्यक्षात प्रोग्रॅम चालतो, ब्रेकपॉइंटही लागतात. फक्त दर खेपेला स्मृतीतले पत्ते बदलू शकतात, एवढाच त्याचा अर्थ. याच परवानगीच्या विषयावर आमच्या यंत्रांवरील जीडीबीचा दुसरा एक संदेश मात्र मी विद्यार्थ्यांना आदर्श म्हणून दाखवतो. चालू प्रोसेसला बाहेरून जोडून घेताना लिनक्सने मज्जाव केला, तर तो संदेश वापरकर्त्याची ओळख जुळत असल्यास ‘पीट्रेस स्कोप’ ही सेटिंग कोणत्या फाइलमध्ये तपासावी ते मार्गासकट सांगतो आणि नाहीतर रूट, म्हणजे सर्वाधिकार असलेला वापरकर्ता, म्हणून प्रयत्न करा असेही सुचवतो. तो लांब आहे, पडद्यावर दोन-तीन ओळी खातो. तरीही तो वाचून माझ्या विद्यार्थ्यांनी मला न विचारता काम पुढे नेलेले आहे.

मी हे सगळे दुरून पाहून लिहीत नाही. गेल्या वर्षी आमच्या अंतिम वर्षाच्या चार विद्यार्थ्यांनी लिनक्समधील पीट्रेस ही सिस्टिम कॉल वापरून एक लहानसा डीबगर प्रकल्प म्हणून लिहिला. ब्रेकपॉइंट लावणे, एकेक पाऊल पुढे जाणे, रजिस्टर (प्रोसेसरमधले छोटे कप्पे) आणि स्मृती पाहणे एवढेच तो करी. सारा संकेत दीड हजार ओळींच्या आतबाहेर. तो चालू लागल्यावर मी त्यांना त्यातले सर्व त्रुटीसंदेश एका वहीत उतरवायला सांगितले. साठेक निघाले. चौघांनी मिळून लिहिलेला प्रोग्रॅम असल्याने चार स्वभाव त्यात उघडे पडले होते. एकाचा प्रत्येक संदेश ‘एरर’ आणि तीन उद्गारचिन्हे एवढाच होता. दुसरा सगळे मोठ्या अक्षरांत लिही. तिसरीचे संदेश विनम्र आणि लांब, पण शेवटी नव्या ओळीचे चिन्ह नाही, त्यामुळे पुढचा प्रॉम्प्ट संदेशाच्या शेपटाला चिकटून येई. चौथा प्रत्येक ठिकाणी सी भाषेतील ‘पीएरर’ हे अपयशाचे कारण छापणारे फंक्शन वापरी, पण त्याआधी दुसरे काहीतरी छापून घेई. त्या छपाईत ‘एररनो’ या चलातले मूळ कारण पुसले जाऊ शकते याचा त्याला पत्ता नव्हता. निम्मे संदेश मानक त्रुटीप्रवाहावर, म्हणजे तक्रारींसाठीच्या वेगळ्या वाटेवर, जात आणि निम्मे साध्या निर्गमावर, म्हणजे उत्तरांच्या नेहमीच्या वाटेवर, त्यामुळे निर्गम फाइलकडे वळवला की काही तक्रारी पडद्यावर दिसत आणि काही फाइलमध्ये जाऊन बसत. शिवाय फाइलकडे जाणारा मजकूर आधी साठवला जाऊन मग लिहिला जात असल्याने कोणती तक्रार आधी झाली आणि कोणती नंतर, हा क्रमही हरवे.

दोन शनिवार आम्ही या साफसफाईला दिले. सर्व संदेश एकाच फंक्शनमधून जातील असे केले. ते फंक्शन आत शिरताच एररनोची किंमत बाजूला काढून ठेवते, संदेश त्रुटीप्रवाहावर छापते, दोन टिंबे देऊन ऑपरेटिंग सिस्टिमने सांगितलेले कारण जोडते आणि नवी ओळ स्वतः देते, म्हणजे लिहिणाऱ्याने ती देण्याचा प्रश्नच उरत नाही. जीडीबीमध्येही रीत अशीच आहे, की संदेशाच्या मजकुरात शेवटी नवी ओळ लिहायची नाही आणि इशाऱ्यापूर्वीचा ‘वॉर्निंग’ हा शब्दही लिहायचा नाही, कारण तो आपोआप लागतो. जो हाताने लिहितो त्याच्या ओळीत तो दोनदा येतो. हे सर्व होईपर्यंत मुले थोडी कंटाळली होती, हे मान्य करतो.

दुसऱ्या शनिवारी दुपारी एक चमत्कारिक ओळ उमटली. पूर्णांकांच्या एका ॲरेमधील (ओळीने मांडलेल्या संचातील) किमती पाहायला सांगितल्यावर डीबगर म्हणाला की अमुक पत्त्यावरील स्मृती वाचता आली नाही, आणि दोन टिंबांनंतर कारण दिले, ‘सक्सेस’. अपयशाचे कारण यश! आधीच्या मांडणीत याच जागी ‘एरर’ आणि तीन उद्गारचिन्हे छापली जात होती, आणि ती पाहून मुलांनी तो ॲरे ‘वाचता न येणाऱ्या जागेत’ आहे असे ठरवून विषय सोडून दिला होता. आता कारण शेजारी छापले गेल्यामुळे विसंगती लपून राहिली नाही. शोध घेतला तेव्हा कळले की स्मृतीतला शब्द (यंत्र एका वेळी उचलते तेवढा तुकडा) वाचून देणारी पीट्रेसची विनंती वाचलेली किंमतच उत्तर म्हणून परत देते, आणि अपयश आले तर वजा एक देते. त्या ॲरेच्या प्रत्येक घटकात मुलांनी सुरुवातीची किंमत म्हणून वजा एकच भरलेला होता. चौसष्ट बिटांच्या यंत्रावर असे दोन शेजारचे घटक मिळून वाचलेला शब्दही वजा एक होतो, आणि आमचा डीबगर त्याला अपयश समजत होता. अशा वेळी आधी एररनो शून्य करावे आणि वाचल्यानंतर ते तपासावे, असे या कॉलच्या माहितीपानावर स्पष्ट लिहिलेले आहे. आम्ही कोणीच ते नीट वाचले नव्हते, त्यात मीही आलो. महिनाभर घर करून बसलेली ही चूक कोणत्याही चाचणीने पकडली नव्हती. ती सापडली तेव्हा आम्ही दोन टिंबे आणि नव्या ओळी जुळवत होतो.

पत्रलेखकांच्या बाजूने एक गोष्ट इथेच नोंदवतो, कारण ती त्यांनी लिहायला हवी होती. संदेश बदलणे बिनधोक नसते. जीडीबीच्या चाचण्या डेजाग्नू या चौकटीत लिहिलेल्या आहेत आणि त्यांपैकी पुष्कळशा डीबगरने छापलेला मजकूर नमुन्याशी ताडून पाहतात. त्या नमुन्यांत शेवटचा पूर्णविरामसुद्धा असतो. संदेशातला ठिपका काढला आणि चाचण्या तशाच ठेवल्या तर त्या एकामागून एक कोसळतात. चाचण्या मागाहून दुरुस्त करता येतात, पण जगभर लोकांनी आपापल्या सोयीसाठी लिहिलेल्या छोट्या स्क्रिप्ट कोणाच्या यादीत नसतात. जीडीबी आपल्या चित्रमय संपादकांशी ज्या यंत्रभाषेत बोलतो तिच्यातही त्रुटी आली की मानवी वाक्यच एका चौकटीत घालून पाठवले जाते. काही प्रसंगी, उदाहरणार्थ अनोळखी आज्ञेसाठी, त्यासोबत एक वेगळा संकेतशब्द दिला जातो, म्हणजे समोरच्या प्रोग्रॅमला वाक्य वाचून अर्थ लावावा लागत नाही. सगळीकडे तसे नाही. म्हणून एका अक्षराचा बदल पाठवतानाही तो पाठवणाऱ्याने कोणकोण या वाक्यावर विसंबून आहे याचा विचार केलेला असावा लागतो, आणि तपासणारे अनुभवी लोक हमखास तोच प्रश्न विचारतात. ज्याने न समजता शंभर ठिपके काढले त्याचा बदल तिथेच परत येतो. तेव्हा पत्रलेखकांना ज्या फुकट्या योगदानाची चीड आहे त्याचा बंदोबस्त त्या प्रकल्पांत बऱ्याच अंशी होतच असतो.

आम्ही आमच्या लहान डीबगरचे संदेश मराठीतही दिले, आणि मांडणीचे खरे पाणी तिथे जोखले गेले. इंग्रजीत ‘अमुक नॉट फाउंड’ हा एक साचा करून त्यात फाइल, फंक्शन, फोल्डर काहीही घातले तरी चालते. मराठीत फाइल सापडली नाही, फंक्शन सापडले नाही आणि फोल्डर सापडला नाही. लिंगानुसार क्रियापद बदलते आणि तो साचा पहिल्याच दिवशी मोडतो. तुकडे जोडून वाक्य बनवण्याची सवय इंग्रजीत खपून जाते, मराठीत तिचे ‘फाइल सापडला नाही’ असे रेल्वे स्थानकावरच्या जुन्या उद्घोषणेसारखे काहीतरी होते. उपाय असा निघाला की प्रत्येक प्रसंगाचे वाक्य पूर्ण लिहायचे आणि वापरकर्त्याने दिलेले नाव अवतरणात ठेवून त्यामागे जात सांगणारा शब्द ठेवायचा: ‘अमुक’ ही फाइल सापडली नाही, ‘अमुक’ हे फंक्शन सापडले नाही. नावाला प्रत्यय लागत नाही, त्याचे सामान्यरूप करावे लागत नाही आणि नाव इंग्रजी असो वा मराठी, वाक्य सरळ उभे राहते. इंग्रजी संदेशही याच पद्धतीने लिहिले तर कोणत्याही भाषेत भाषांतर करणाऱ्याचे काम सोपे होते, हे मुलांना भाषांतर करून बघितल्यावर पटले; मी वर्गात सांगितले असते तर ते वहीत उतरले असते एवढेच.

देवनागरीने आणखी एक पेच टाकला. चूक ओळीत नेमकी कुठे आहे हे दाखवण्यासाठी संकलक आणि डीबगर त्या जागेखाली बाणाचे टोक छापतात. ग्नूच्या जीसीसी या संकलकाने ही सोय २०१३ मधील ४.८ या आवृत्तीत आणली आणि आता ती सर्वत्र रूढ आहे. पण ‘किंमत’ हा शब्द घ्या. डोळ्यांना तीन अक्षरे दिसतात, युनिकोड या जागतिक अक्षरसंचाच्या हिशेबात ती पाच चिन्हे आहेत आणि यूटीएफ-८ या पद्धतीने साठवताना पंधरा बाइट लागतात. बाइट मोजून बाण छापणारे साधन या शब्दानंतरच्या चुकीसाठी बाण चांगले दहा-बारा घरे उजवीकडे ढकलते, आणि विद्यार्थी निरपराध अर्धविरामाकडे बघत बसतो. ग्नूच्या नियमावलीत अशा वेळी अक्षराची पडद्यावरची रुंदी धरावी असे म्हटले आहे. तरी जोडाक्षरे आणि वेलांट्या यांच्या बाबतीत टर्मिनलाटर्मिनलात मतभेद असतात. परिसराची भाषा-सेटिंग चुकली असेल तर जीडीबी ‘क’ हे एक अक्षर दाखवण्याऐवजी ३४०, २४४, २२५ असे तिरक्या रेघांमागचे तीन अष्टमान आकडे छापतो. मराठी नावे किंवा पत्ते हाताळणारा प्रोग्रॅम तपासणाऱ्या कोणालाही हे आकडे भेटलेले असणार. ही दुरुस्ती न्यूयॉर्कमध्ये किंवा म्युनिकमध्ये बसलेल्या माणसाला सुचणे अवघड आहे, कारण त्याच्या पडद्यावर ती चूक दिसतच नाही. ती आपल्याकडच्या मुलांनीच कळवावी आणि जमल्यास करावी.

तेव्हा पत्रलेखकांना माझी विनंती एवढीच आहे की, पुढच्या वेळी मुलाखतीत किंवा तोंडी परीक्षेत अशा योगदानाचा कागद समोर आला तर त्यातल्या बदललेल्या ओळी मोजू नयेत. तो ठिपका कोठून येत होता, काढल्यावर कोणत्या चाचण्या मोडल्या आणि तो संदेश वाचणाऱ्याने पुढे काय करणे अपेक्षित होते, हे तीन प्रश्न विचारावेत. उत्तर न देता आले तर त्यांचा टोला योग्य ठरेल आणि मी त्याला हरकत घेणार नाही. पदविका अभ्यासक्रमात सूक्ष्म प्रकल्पांना जागा आहे; तिथे दरवर्षी ग्रंथालय व्यवस्थापनाचे तेच ते प्रोग्रॅम नव्या वेष्टनात सादर होतात, त्याऐवजी एखाद्या चालत्या साधनाचे दहा संदेश मूळ कारणापर्यंत जाऊन दुरुस्त केले तर परीक्षकांनी ते ग्राह्य धरावे, असे मी आमच्या विभागात सुचवले आहे. निर्णय व्हायचा आहे.

आमच्या मराठी यादीतला एक संदेश मात्र अजून अडलेला आहे आणि त्यासाठी आपल्या वाचकांची मदत झाली तर बरे होईल. जीडीबीत प्रोग्रॅम सुरू करण्यापूर्वी ‘पुढे चला’ अशी आज्ञा दिली की ‘द प्रोग्रॅम इज नॉट बीइंग रन’ असे उत्तर येते. आम्ही प्रथम ‘प्रोग्रॅम चालू नाही’ असे लिहिले. पण ब्रेकपॉइंटवर थांबलेला प्रोग्रॅमही आपल्या नेहमीच्या बोलण्यात ‘चालू नाही’ असाच असतो, आणि तेव्हा तर ही आज्ञा द्यायचीच असते. ‘प्रोग्रॅम सुरू केलेला नाही’ म्हणावे तर तो एकदा सुरू होऊन संपलेला असू शकतो. एका विद्यार्थिनीने ‘सध्या कोणताही प्रोग्रॅम हाती घेतलेला नाही’ असे सुचवले आहे. ते अर्थाला सर्वांत जवळचे आहे, पण बाकीच्या तिघांना ते सरकारी पत्रासारखे वाटते. यापेक्षा आटोपशीर वाक्य कोणास सुचल्यास आपल्या सदरातून कळवावे. शेवटी पूर्णविराम नसावा.

आपला,
तंत्रनिकेतनातील एक अध्यापक,
सांगली जिल्हा